सही कोणाची, नोकरी कोणाची : नियामक कार्यालयांच्या अभ्यासाची प्रस्तावना

गोंदिया शहराजवळ, धानाच्या बांध्यांच्या मुलखात, बिरसी गावाच्या नावाने ओळखली जाणारी एक धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रजांनी ती बांधली. पुढे बराच काळ ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे होती. ऑगस्ट १९९८ ते डिसेंबर २००५ या काळात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने ती सांभाळली आणि त्यानंतर ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांनी मिळून येथे वैमानिक घडवणारी नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट उभी केली. १३ मार्च २०२२ रोजी ‘उडान’ योजनेखाली येथून इंदूर आणि हैदराबादसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली.

बिरसीचा हा इतिहास सहसा विकासाची कथा म्हणून सांगितला जातो. या अभ्यासक्षेत्रात शिरू पाहणाऱ्या वाचकाला मी तो दुसऱ्या अंगाने वाचायला सांगेन. धावपट्टी तीच राहिली, तिच्यासाठी राबणाऱ्या माणसांची नोकरीची जात मात्र दोनदा बदलली. बांधकाम विभागाचा अभियंता हा राज्याचा शासकीय सेवक. महामंडळाचा अभियंता हा १९६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचा नोकर. प्राधिकरणाचा अधिकारी हा संसदेच्या १९९४ च्या कायद्याने निर्माण झालेल्या संस्थेचा कर्मचारी. तिघांच्या सेवापुस्तकांवर तीन वेगळे शिक्के. तिघांची नेमणूक वेगळ्या नियमांनी होते, आणि अन्याय झाला तर दाद मागण्याचे दारही प्रत्येकाचे एकच नसते.

या सर्वांच्या वर आणखी एक कार्यालय आहे. बिरसीतून उडणारे विमान उडण्यास योग्य आहे का, शिकवणारा प्रशिक्षक पात्र आहे का, शिकाऊ वैमानिकाची दोनशे तासांची नोंद खरी आहे का, हे ठरवण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या डीजीसीएकडे आहे. धावपट्टी चालवणाऱ्याने स्वतःलाच प्रमाणपत्र देऊ नये म्हणून हे कार्यालय वेगळे ठेवलेले आहे. त्याचे निरीक्षक बिरसीत राहत नाहीत. ते येतात, तपासतात, शेरा लिहितात, सही करतात आणि जातात. त्या सहीवर एका कोवळ्या मुलाचा किंवा मुलीचा जीव अवलंबून असतो. २६ एप्रिल २०१७ आणि १८ मार्च २०२३ या दोन तारखांना बिरसीहून उडालेली प्रशिक्षण विमाने कोसळली आणि दोन्ही वेळा प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक असे दोघेही गेले. या अपघातांचे खापर निरीक्षकांच्या संख्येवर फोडण्याचा माझा हेतू नाही. प्रत्येक अपघाताची कारणे त्याच्या तपास अहवालात शोधायची असतात. पण देखरेख हे काम किती गंभीर आहे, हे समजण्यासाठी या दोन तारखा लक्षात ठेवाव्यात.

मग प्रश्न असा: सही करणारा हा माणूस कोणाच्या नोकरीत आहे? त्याला कोणी निवडले? पगार कोण देतो? बदली कोण करू शकतो? अप्रिय शेरा लिहिल्यावर त्याची नोकरी टिकते का? आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोणी बसलेले आहे का, की ती खुर्ची वर्षानुवर्षे रिकामीच आहे? या प्रश्नांचा पद्धतशीर शोध हेच आपले अभ्यासक्षेत्र आहे.

आस्थापना शाखेचे महत्त्व

नियमनाविषयी मराठीत लिहिले जाते ते बहुतेक कायद्यांविषयी आणि अधिकारांविषयी. दर किती असावा, परवाना कोणाला मिळावा, दंड किती व्हावा, यांवर चर्चा होते. ज्या दालनात सेवाज्येष्ठतेच्या याद्या, आरक्षणाची बिंदुनामावली, पदांचा आकृतिबंध आणि सेवाप्रवेश नियम तयार होतात, त्या आस्थापना शाखेकडे मात्र अभ्यासक क्वचितच वळतात. कर्मचाऱ्यांना ती शाखा फार चांगली ठाऊक असते, कारण तिथल्या एका टिप्पणीवर त्यांचे आयुष्य फिरते. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या टिप्पणीवर नागरिकाचेही आयुष्य फिरते. कायद्याने दिलेला अधिकार कागदावर कितीही मोठा असो, तो वापरणाऱ्याच्या नेमणुकीच्या अटी जेवढ्या मजबूत, तेवढाच तो अधिकार खरा.

ही गोष्ट जगाने विमान वाहतुकीत उघडपणे मान्य केली आहे. १९४४ च्या शिकागो करारातून जन्मलेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुरक्षा देखरेखीचे आठ मूलभूत घटक ठरवले आहेत. पहिले तीन म्हणजे मूळ कायदा, तपशीलवार नियम आणि सरकारी यंत्रणा. चौथा घटक आहे पात्र तांत्रिक मनुष्यबळ. परवाने, तपासण्या, त्रुटींचे निराकरण हे सारे त्याच्या पुढे येते. क्रम विचारपूर्वक लावलेला आहे: माणसेच नसतील तर पुढच्या घटकांना आधार कशाचा?

संविधानाने आखलेली रेघ

नव्या अभ्यासकाने सर्वप्रथम संविधानाचा चौदावा भाग वाचावा. अनुच्छेद ३०९ सेवेच्या अटी ठरवण्याचा अधिकार देतो. अनुच्छेद ३१० नुसार शासकीय सेवक राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर असतो. अनुच्छेद ३११ या मर्जीला लगाम घालतो: ज्याने नेमले त्याच्याहून कनिष्ठ अधिकारी सेवकाला बडतर्फ करू शकत नाही आणि चौकशीविना, म्हणणे ऐकल्याविना बडतर्फीची किंवा पदावनतीची शिक्षा देता येत नाही. याला अपवाद आहेत आणि १९८५ च्या तुलसीराम पटेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते तपशिलाने उलगडले आहेत. अनुच्छेद ३१५ ते ३२३ लोकसेवा आयोगांची उभारणी करतात. १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सरदार पटेलांनी सेवांच्या संरक्षणाची बाजू ठामपणे मांडली, त्यामागे हाच विचार होता: सचिवाने मंत्र्याला निर्भयपणे मत द्यावे अशी अपेक्षा असेल, तर मत दिल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाही याची हमीही हवी.

ही ढाल मिळते ती संघराज्याचे किंवा राज्याचे ‘नागरी पद’ धारण करणाऱ्यालाच. नागरी पद म्हणजे काय, याचा निकष १९६६ च्या आसाम राज्य विरुद्ध कनकचंद्र दत्त या निकालात सापडतो. निवड आणि नेमणूक कोणाची, निलंबन आणि बडतर्फीचा अधिकार कोणाचा, कामाच्या पद्धतीवर ताबा कोणाचा, मोबदला कोणाचा, हे एकत्र पाहून न्यायालय उत्तर देते. त्या खटल्यातला माणूस आसामातला मौजादार होता. वसुलीवर कमिशन घेणारा. तरीही त्याचे पद नागरी पद ठरले. नोकरीचे नाव काय आणि पगाराची रीत काय, यापेक्षा नात्याचे खरे स्वरूप काय हे पाहायचे, ही शिकवण आपल्या क्षेत्रात फार उपयोगी पडते.

दुसरीकडे, कायद्याने स्थापन झालेल्या महामंडळाचे कर्मचारी अनुच्छेद ३११ च्या छत्राखाली येत नाहीत. १९७५ च्या सुखदेव सिंग विरुद्ध भगतराम या निकालाने त्यांना वेगळा आधार दिला: महामंडळाने कायद्याखाली केलेल्या सेवाविनियमांना कायद्याचे बळ असते, ते मोडून कोणाला काढले तर ती कारवाई टिकत नाही. म्हणजे संरक्षण आहे, पण ते संविधानातून नव्हे तर विनियमातून आलेले; आणि विनियम बदलणे संविधान बदलण्याहून कितीतरी सोपे.

याच रेघेवरून माणसे एकदा सामूहिकरीत्या पलीकडे गेली. १९८६ पर्यंत देशातले देशांतर्गत विमानतळ आणि हवाई वाहतूक नियंत्रण नागरी विमान वाहतूक विभागाच्याच ताब्यात होते. राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झाले तेव्हा ते काम वेगळे निघाले आणि ते करणारे सरकारी नोकर पुढे प्राधिकरणाच्या सेवेत सामावले. १ एप्रिल १९९५ रोजी हे प्राधिकरण व आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण यांचे विलीनीकरण होऊन आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण झाले. सेवा देणारा एकीकडे आणि तपासणारा दुसरीकडे, ही फाळणी तत्त्व म्हणून योग्यच होती. तिच्यासाठी हजारो सेवापुस्तकांचे काय झाले, कोणी काय गमावले, काय कमावले, याचा इतिहास मराठीत लिहिण्यासारखा आहे.

२०१४ चा धडा

आपल्या क्षेत्राचे सर्वांत बोलके उदाहरण ३१ जानेवारी २०१४ या तारखेला घडले. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने भारताला सुरक्षा देखरेखीच्या दुसऱ्या श्रेणीत टाकले. भारतीय विमाने वाईट आहेत असे कोणी म्हटले नव्हते. आक्षेप नियामकाच्या क्षमतेवर होता आणि त्यात कळीचा मुद्दा होता पुरेशा, प्रशिक्षित, पूर्णवेळ निरीक्षकांचा. उड्डाण तपासणाऱ्या निरीक्षकाला स्वतः मोठी विमाने उडवण्याचा अनुभव लागतो. असा माणूस विमान कंपनीत असतो आणि तिथला त्याचा पगार सरकारी वेतनश्रेणीच्या पलीकडचा असतो. त्यामुळे कंपन्यांकडूनच वैमानिक उसने घेऊन काम भागवण्याची पद्धत पडली होती. ज्या कंपनीत परत जायचे, तिच्याच सोबत्यांना तपासायचे, ही अवघड जागा त्या माणसाच्या वाट्याला येत होती.

श्रेणी घसरण्याच्या काही दिवस आधी, २० जानेवारी २०१४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने ७५ जादा पूर्णवेळ निरीक्षक नेमण्यास मंजुरी दिली होती. श्रेणी परत मिळायला ८ एप्रिल २०१५ उजाडले. मधल्या काळात भारतीय कंपन्यांना अमेरिकेकडे नवी उड्डाणे वाढवता आली नाहीत. आस्थापना शाखेतल्या रिकाम्या पदांची किंमत परराष्ट्र व्यवहारात मोजावी लागली, असे हे विरळा उदाहरण.

महासंचालनालयाची रचनाच बदलण्याचाही प्रयत्न झाला. स्वतंत्र निधी आणि स्वतंत्र भरती असलेले प्राधिकरण उभारण्यासाठी २०१३ मध्ये लोकसभेत विधेयक आले आणि पंधराव्या लोकसभेबरोबर ते व्यपगत झाले. २०२० च्या दुरुस्तीने महासंचालनालयाला, विमान सुरक्षा ब्यूरोला आणि विमान अपघात तपास ब्यूरोला कायद्यात स्थान मिळाले. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या जुन्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. पण या तिन्ही संस्था मंत्रालयाच्या छत्राखालीच राहिल्या. महासंचालनालयातला नियमित अधिकारी संघ लोकसेवा आयोगातून येतो, केंद्राचा नागरी सेवक असतो. त्याच्या शेजारी उड्डाण निरीक्षक करारावर असतो. एकाच कार्यालयात, एकाच तपासणीवर, दोन वेगळ्या नोकऱ्या.

पदे वाढली, हेही नोंदवले पाहिजे. मंजूर तांत्रिक पदे ६३७ वरून १,०६३ वर गेली. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या विमान दुर्घटनेनंतर ऑगस्टमध्ये आलेल्या संसदीय स्थायी समितीच्या अहवालाने दाखवले की त्या १,०६३ पैकी भरलेली पदे ५५३ होती. समितीने आयोगामार्फत होणारी भरती संथ व ताठर असल्याचे म्हटले आणि महासंचालनालयाला आर्थिक व प्रशासकीय स्वायत्तता द्यावी अशी शिफारस केली. येथे अभ्यासकाने थांबून विचार करावा. लोकसेवा आयोग हे गुणवत्तेचे आणि निःपक्षपातीपणाचे कवच आहे. त्याच आयोगाची गती ही तांत्रिक नियामकाची अडचणही ठरते. कवच टिकवून गती कशी आणावी, हा आपल्या क्षेत्रातला खरा, अजून न सुटलेला प्रश्न आहे.

कायद्यातले निरनिराळे साचे

विमानांपासून नजर हटवून महाराष्ट्राकडे वळलो, तर एकाच राज्यात अनेक साचे शेजारी शेजारी दिसतात. ते नुसते ओळीने वाचले तरी विषय उलगडू लागतो.

कारखान्यांचा साचा फार जुना. १८७५ च्या मुंबईतल्या कारखाना चौकशी आयोगापासून ही कथा सुरू होते, १८८१ च्या कायद्याने तिला रूप येते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारो गिरणी कामगारांच्या सह्यांनी मागण्या मांडल्या त्या, कायदा असूनही कामगाराच्या हाती फारसे काही लागत नव्हते म्हणून. आज लागू असलेल्या श्रम कायद्यांचा विचार करताना, २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे आठवे कलम जरूर वाचावे. निरीक्षक राज्य सरकार नेमत असे. कारखान्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेल्या व्यक्तीला नेमता येत नसे. जिल्हा दंडाधिकारी आपल्या जिल्ह्यापुरता निरीक्षक असेच. आणि निरीक्षक लोकसेवक मानला जाई. औषध निरीक्षकांसाठी १९४० च्या कायद्यातही हितसंबंधाची अशीच बंदी आहे. गोंदियाच्या राइस मिलमध्ये उसना तांदूळ तयार करणाऱ्या बॉयलरची तपासणी करणारा, वजनकाटा तपासणारा, धुराड्याची नोंद घेणारा, हे सारे अशाच कायद्यांची माणसे आहेत. पण त्यांच्या नोकऱ्या एका जातीच्या नाहीत.

बॉयलर आणि वैधमापनाचे निरीक्षक राज्य शासनाचे सेवक. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी मंडळाचे कर्मचारी, मात्र सदस्य सचिव राज्य सरकारने नेमलेला. २२ सप्टेंबर २०१७ च्या तेची तागी तारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की प्रदूषण मंडळांवरच्या नेमणुकांसाठी सहा महिन्यांत नियम करा. अध्यक्षपदावर त्या विषयाचे ज्ञान असलेली व्यक्ती असावी ही साधी अपेक्षाही ठिकठिकाणी पाळली जात नव्हती. वीज नियामक आयोगाचा साचा आणखी निराळा. २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ९१ प्रमाणे आयोग आपले अधिकारी नेमतो, पण किती नेमायचे आणि त्यांना किती वेतन द्यायचे यासाठी सरकारची मान्यता लागते. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यात हे पारडे आणखी झुकते: प्राधिकरणाशी विचारविनिमय करून अधिकारी नेमते ते सरकार. याउलट १९९२ चा सेबी कायदा त्या मंडळाला स्वतःचे अधिकारी स्वतः नेमू देतो आणि सेबी आपली परीक्षा घेऊन अधिकारी निवडते.

या सर्वांना फौजदारी कायद्याच्या दृष्टीने लोकसेवक मानले जाते. लाच घेतली तर शिक्षा सर्वांना सारखी. पण लाच नाकारल्यामुळे कोणी मागे लागले तर संरक्षण मात्र सर्वांना सारखे नाही. जबाबदारी समान आणि आधार असमान, ही विसंगती आपल्या क्षेत्राच्या मध्यभागी आहे. पुढचे बहुतेक प्रश्न तिच्यातूनच फुटतात.

बदली, प्रभार आणि रिकामी खुर्ची

नोकरी न घेताही माणसाला निष्प्रभ करता येते. महाराष्ट्राला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुण्यात सार्वजनिक कार्यात गढलेल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची सरकारने १८७८ मध्ये नाशिकला आणि १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या उठावाच्या सुमारास, धुळ्याला बदली केली. पद शाबूत, वेतन शाबूत. फक्त जागा बदलली, आणि संदेश सर्वांना पोहोचला.

स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राने यावर कायदा केला: शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. त्याने पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला आणि मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारणे मागितली. ३१ ऑक्टोबर २०१३ च्या टी. एस. आर. सुब्रमण्यन निकालात सर्वोच्च न्यायालयाने नागरी सेवा मंडळ आणि किमान कालावधी यांचा आग्रह धरला. या तरतुदी कशा पाळल्या वा टाळल्या जातात, हे पाहायचे असेल तर १९९१ पासून काम करणाऱ्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे निकाल वाचावेत. शासकीय सेवकाच्या हिमतीचा आणि हतबलतेचा एवढा समृद्ध दस्तऐवज दुसरीकडे सापडणार नाही.

बदलीपेक्षाही गुपचूप चालणारा प्रकार म्हणजे अतिरिक्त कार्यभार. पद भरायचे नाही, शेजारच्या अधिकाऱ्याला प्रभार द्यायचा. दोन-तीन कार्यक्षेत्रे सांभाळणारा निरीक्षक कागद तपासू शकतो, जागेवर जाऊ शकत नाही. त्याच्याविरुद्ध कोणी तक्रार करत नाही, कोणतीही फाइल अडत नाही, आणि देखरेख मात्र विरत जाते. नियमन नको असलेल्यांना कायदा रद्द करून घेण्याची गरज उरत नाही. पदे रिकामी राहिली तरी पुरते.

कंत्राट आणि न्याय

कंत्राटी नेमणुकीविषयी आपल्याकडे रोष आहे आणि त्याला कारणे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने खासगी संस्थांमार्फत बाह्ययंत्रणेने पदे भरण्याचा निर्णय काढला, तेव्हा स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले राज्यभर रस्त्यावर आली. ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या मुलांचा प्रश्न नुसत्या रोजगाराचा नव्हता. लोकसेवा आयोग किंवा निवड मंडळामार्फत भरती झाली की बिंदुनामावली लागू होते, जाहिरात निघते, गुणवत्ता यादी लागते. एजन्सीमार्फत माणूस आला की या पायऱ्या धूसर होतात. गोंदियासारख्या जिल्ह्यातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरासाठी सरकारी निवडप्रक्रिया हे राज्यसंस्थेत प्रवेश करण्याचे एकमेव उघडे दार असते. नियामक कार्यालयात कोण बसते, यात सामाजिक न्यायाचाही हिशेब असतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने आलेल्यांना सरसकट कायम करण्यास नकार दिला. हेतू संधीच्या समानतेचा होता. पण त्या निकालाचा आधार घेऊन कायम स्वरूपाचे काम वर्षानुवर्षे तात्पुरत्या माणसाकडून करून घेण्याची सवयही वाढली, आणि पुढे न्यायालयालाच त्याबद्दल बजावावे लागले.

तरीही अभ्यासकाने एकाच बाजूला झुकू नये. ७५ उड्डाण निरीक्षकांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. काही ज्ञान बाजारातूनच येते आणि लवकर जुने होते. ते आणायला करार हे योग्य साधन ठरू शकते. कसोटी ही की करार कोणाशी, किती मुदतीचा, नूतनीकरणाचा अधिकार कोणाकडे आणि मुदत संपल्यावर कोठे जाण्यास मनाई. मुदतवाढ ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध शेरा लिहिणे कठीण, ही मानवी गोष्ट आहे. त्याचप्रमाणे कायम नोकरी ही आपोआप निर्भयता देत नाही. ती सुस्तीही देऊ शकते. कोणत्या कामाला कोणते नाते शोभते, हे पुराव्याने ठरवायचे.

इतर देशांनी वेगवेगळी उत्तरे शोधली आहेत. ब्रिटनने १९७१ च्या कायद्याने स्वतंत्र विमान वाहतूक प्राधिकरण उभारले. त्याचे कर्मचारी नागरी सेवक नाहीत आणि खर्च ज्यांचे नियमन होते त्यांच्या शुल्कातून भागतो. अमेरिकेत नियामकाची माणसे संघराज्याचीच नोकर राहिली, पण १९९६ पासून त्या संस्थेला भरती आणि वेतनाची स्वतःची वेगळी व्यवस्था मिळाली. पहिल्या वाटेवर प्रश्न येतो की शुल्क देणाऱ्यांचा दबाव किती. दुसऱ्या वाटेवर प्रश्न येतो की अर्थसंकल्पाच्या ओढाताणीत भरती किती टिकते. दोन्ही वाटा पूर्णपणे निर्धोक नाहीत, म्हणून तुलना उपयोगी.

या क्षेत्रात कसे शिरावे

या अभ्यासाला मोठे भांडवल लागत नाही. राजपत्रातले सेवाप्रवेश नियम, शासन निर्णय, आकृतिबंध, महालेखापरीक्षकांचे अहवाल, संसदेच्या आणि विधिमंडळाच्या समित्यांचे अहवाल, न्यायाधिकरणांचे निकाल, हे सारे उपलब्ध आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपल्या अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये, त्यांची सूची आणि मासिक वेतन आपण होऊन जाहीर करायला सांगते. अर्ज करण्याआधी हे कलम वापरून पाहावे. नाही मिळाले तर अर्जाला तेच कारण पुरेसे आहे.

सुरुवात एका कार्यालयापासून करावी आणि पाच प्रश्न विचारावेत. मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी प्रत्यक्ष तपासणीसाठी मैदानात किती? प्रत्येकाचा नियोक्ता कोण आणि निवड कोणी केली? बढतीसाठी गोपनीय अहवाल कोण लिहितो? मुदतपूर्व हलवण्याचा अधिकार कोणाचा आणि तो गेल्या काही वर्षांत किती वेळा वापरला गेला? नोकरी सुटल्यावर माणूस कोठे जातो? ही पाच उत्तरे एका तक्त्यात मांडली की त्या कार्यालयाची खरी ताकद त्याच्या कायद्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

आकड्यांबरोबर माणसांशीही बोलावे. निवृत्त निरीक्षक, आस्थापनेतले लिपिक, कंत्राटी संगणक चालक, संघटनेचे पदाधिकारी यांच्याकडे नियमावलीत न लिहिलेले ज्ञान असते. त्यांची नावे जपावीत, त्यांच्या नोकरीला धक्का लागेल असे काही लिहू नये. आणि ज्यांच्यासाठी नियमन असते त्यांनाही विसरू नये: मिलमधला बॉयलर अटेंडंट, नदीचे पाणी पिणारे गाव, शिकाऊ वैमानिकाचे आईवडील. आस्थापनेची चर्चा त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही तर ती नुसती सेवानियमांची चर्चा उरते.

विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, कोकणातल्या विद्यार्थ्यांनी या क्षेत्रात यावे असे मला मनापासून वाटते. मुंबई-दिल्लीतून पाहिले की नियामक म्हणजे अध्यक्ष, सदस्य आणि आदेश दिसतात. जिल्ह्यातून पाहिले की प्रभार, रिकामे टेबल, महिन्यातून एकदा येणारी जीप आणि वर्षानुवर्षे न निघणारी जाहिरात दिसते. हे दुसरे दृश्य ज्ञानाच्या दृष्टीने कमी मोलाचे नाही. उलट नियमन प्रत्यक्षात कसे चालते याचा पुरावा तिथेच आहे. तो पुरावा मराठीत, जिल्ह्याजिल्ह्यातून गोळा झाला, तर पुढच्या वेळी एखाद्या दुर्घटनेनंतर आपण फक्त दोषी माणूस शोधणार नाही. त्या कामासाठी किती माणसे नेमायला हवी होती, ती का नेमली नाहीत आणि जी होती त्यांच्या हाताला कोणती नोकरी बांधून ठेवत होती, हे विचारू, आणि उत्तर देणे शासनाला भाग पाडू.